पॉफोबा

फाँतेनब्लोच्या जंगलात एखाद्या धोंड्याला हात लावलात आणि मागून कोणी घसा खाकरला, तर वळून बघू नये. वळलात की सकाळ गेली. खाकरणारा माणूस सत्तरीच्या पुढचा असतो. डोक्याला विणलेली टोपी, एका हातात पायपुसण्याएवढा गालिच्याचा तुकडा आणि दुसऱ्या हातात कळकट फडक्याचं छोटं गाठोडं. त्याला तुमच्याशी भांडायचं नसतं. तुमच्या बोटांना लागलंय ते पांढरं काय आहे, एवढंच त्याला विचारायचं असतं. ते काय आहे हे त्याला चांगली चाळीस वर्षं माहीत आहे.

आम्ही त्याला पॉफोबा म्हणतो. आम्ही म्हणजे नोकरीच्या निमित्ताने पॅरिसात येऊन पडलेली काही मराठी मंडळी. सह्याद्रीची खोड जात नाही आणि आल्प्स परवडत नाहीत. मग सुट्टीच्या दिवशी गार द ल्याँ स्टेशनवर गाडीत बसायचं आणि दक्षिणेला साठेक किलोमीटरवरच्या या जंगलात उतरायचं. डोंगर म्हणावा असं इथे काही नाही. पण पाइन आणि ओकच्या झाडांखाली वालुकाश्माचे धोंडे पसरलेत, कुठे दोन पुरुष उंचीचे, कुठे तीन. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या वाळूचे हे दगड. दोर न लावता एका बाजूने वर चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं, आणि पुन्हा त्याच बाजूने चढायला यायचं. याला आता जगभर बोल्डरिंग म्हणतात. पॅरिसची माणसं हा रिकामटेकडा उद्योग शंभराहून अधिक वर्षं करताहेत, आणि त्यातले मुरलेले लोक स्वतःला मोठ्या तोऱ्यात ‘ब्लोझार’ म्हणवून घेतात.

आता पॉफ म्हणजे काय ते सांगायला हवं. पाइनच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतलं की मागे जी पिवळी, ठिसूळ राळ उरते ती. व्हायोलिनच्या गजाला घासतात तीच. तिची पूड फडक्यात बांधायची आणि ज्या खोबणीला बोटं लावायची किंवा पाऊल ठेवायचं, तिच्यावर ते गाठोडं आपटायचं. ‘पॉफ’ असा आवाज होतो. तेच त्या पदार्थाचं नाव. चिकट राळेमुळे पकड घट्ट बसते, बुटाचा रबरी तळवा दगडाला धरून राहतो. असे तीन-चार पिढ्यांनी फटके मारले की राळेचा थर दगडात जिरतो, दगडाची भोकं बुजतात, आणि जी खोबण एके काळी हाताला खरखरीत लागायची ती पिवळट काळी आणि तुकतुकीत होते. आमच्यातल्या एकाने अशी खोबण पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाला, हा तर आपला गावच्या वेशीवरचा देव. शेंदराची पुटं चढून चढून ज्याचं नाक-तोंड कुठे होतं ते पुजाऱ्यालाही सांगता येत नाही, तसला. खंडोबा, म्हसोबा, तसा हा पॉफोबा. नाव दगडाला दिलं होतं, चिकटलं पुजाऱ्याला.

हा कोणी एकच माणूस आहे असं समजू नका. जंगल सतरा हजार हेक्टरांचं आहे आणि चढण्यालायक प्रत्येक भागात निदान एक पॉफोबा नेमलेला असतो. मी सांगतोय तो बा क्यूव्हिएचा. बार्बिझाँ गावाजवळ, मोठ्या रस्त्याला लागून असलेली ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात वापरलेली जागा. त्यामुळे तिथला पॉफोबा हा इतर पॉफोबांपेक्षा ज्येष्ठ, असं त्याचं स्वतःचं मत आहे.

त्याचं चढणं बघण्यासारखं असतं, कारण त्यातला चढण्याचा भाग फार थोडा असतो. आधी गालिच्याचा तुकडा धोंड्याच्या पायाशी अंथरायचा. बूट पुसायचे, आधी डावा, मग उजवा, मग शंका येऊन पुन्हा डावा. मग फडक्याच्या शेपटाने खोबणीतली वाळू झटकायची. मग पॉफ. मग दुसऱ्या खोबणीला पॉफ. मग दोन पावलं मागे येऊन दगडाकडे बघायचं आणि त्याच्याशी काहीतरी बोलायचं. माणसांना तो अहो-जाहो करतो, धोंड्यांना अरे-तुरे. एवढं झाल्यावर तो जे करतो ते मात्र पाहत राहावं. गुडघ्याला ठिगळ लावलेली विजार घातलेला तो म्हातारा आवाज न करता वर जातो, कुठेही हात झटकत नाही, धापा टाकत नाही, आणि वर उभा राहून शिंकरतो. आमच्यातले तिशीतले जवान त्याच जागी हातपाय खरचटून घेत असतात.

चॉकबद्दल त्याचं म्हणणं थोडक्यात सांगणं अवघड आहे, कारण तो ते थोडक्यात कधीच सांगत नाही. चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. कसरतपटू हाताला लावतात ती पांढरी पूड. तिने घाम शोषला जातो. दगड चढताना ती लावण्याची कल्पना अमेरिकेच्या जॉन गिलची. हा १९५० च्या दशकात कॉलेजात कसरत शिकला आणि तिथली पूड घेऊन दगडांपाशी गेला. पॉफोबाला गिलबद्दल मात्र आदर आहे, कारण गिल पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. “गणितज्ञ होता तो,” पॉफोबा म्हणतो, “त्याने मोजून लावली असेल. तुम्ही कोण आहात?” समोरचा संगणक अभियंता असतो, त्याला आपण कोण हे नीट सांगता येत नाही.

मग आरोपपत्र वाचलं जातं. चॉक पांढरं दिसतं. जंगलात शिरलं की दगडांवर कावळे बसून गेल्यासारखे डाग. (इथे तो कावळे म्हणत नाही, पण मजकूर तोच.) कुठे हात ठेवायचा ते डागांवरूनच कळतं, मग डोकं चालवायला उरतं काय? चॉक खोबणीत साचतं, साचलं की ब्रशने घासावं लागतं, आणि वालुकाश्माला ब्रश लावणं म्हणजे त्याचे दाणे मोजून काढून घेणं. यातलं शेवटचं खरं आहे. फाँतेनब्लोच्या दगडाचं वरचं कवच टणक असतं आणि आतला भाग त्या मानाने पोचट. कवच एकदा खरवडलं गेलं की आतून दगड भराभर झडतो. तारेच्या ब्रशने खोबणी साफ करणारे महाभाग होऊन गेलेत, त्यांच्या कर्तृत्वाच्या खुणा अजून दाखवल्या जातात. पॉफोबा त्या दाखवताना टोपी काढतो.

“आणि पॉफ?” असं कोणीतरी विचारतंच.

“पॉफ पाइनचं असतं,” तो म्हणतो. “पाइन इथलीच झाडं. जंगलाचं जंगलाला.”

हा युक्तिवाद ऐकून पहिल्यांदा माणूस गप्प होतो, घरी गेल्यावर मात्र त्याला हसू येतं.

त्याचा प्रतिपक्ष म्हणजे आम्ही ज्याला पांढऱ्या म्हणतो तो. हाही एकच नाही, याचेही जंगलात थवे आहेत. पाठीवर गादी घडी करून आणलेली. पडलं तर लागू नये म्हणून हल्ली सगळेच त्या जाड गाद्या घेऊन येतात. कमरेला चॉकची पिशवी, खिशात मऊ केसांचे ब्रश, लांबच्या खोबणीसाठी काठीला बांधलेला एक ब्रश वेगळा. पांढऱ्या शाकाहारी आहे, सायकलने येतो, दुसऱ्याने टाकलेला कागद उचलतो. पर्यावरणाच्या बाबतीत आपल्याला कोणी बोट दाखवू शकत नाही अशी त्याची खात्री असते, आणि म्हणूनच पॉफोबाने दाखवलेलं बोट त्याला जास्त झोंबतं.

पांढऱ्याचं हुकमाचं पान म्हणजे ‘ला मारी-रोझ’. बा क्यूव्हिएतल्या एका धोंड्यावरची ही वाट रने फेर्लेने १९४६ साली पहिल्यांदा चढली. इथल्या मोजणीत तिला सहा-ए असा दर्जा आहे, आणि या जंगलातली त्या दर्जाची पहिली वाट म्हणून तिचं नाव आहे. आज मारी-रोझ इतकी गुळगुळीत झालीय की सहा-ए हा आकडा वाचून येणारे पाहुणे तिच्यावरून घसरून खाली येतात आणि फ्रेंच लोकांच्या प्रामाणिकपणाबद्दल इंग्रजीत बोलतात. पांढऱ्या पॉफोबाला हाताला धरून मारी-रोझपाशी नेतो आणि विचारतो, “हे कोणी केलं? मी?”

पॉफोबा त्या तकतकीत खोबणीवरून बोट फिरवतो. डोळ्यांत पाणी येतं की काय असं आपल्याला वाटतं. “हिच्यावर प्रेम केलं लोकांनी,” तो म्हणतो.

थोडक्यात, पॉफने झालेली झीज म्हणजे इतिहास आणि चॉकने झालेली झीज म्हणजे झीज.

पांढऱ्याचंही वेगळं काही नसतं. चॉक पावसाने धुऊन जातं, पॉफ जात नाही, हे त्याचं म्हणणं बरंचसं रास्त आहे. आज या जंगलात पॉफ वापरू नका असंच नव्या माणसाला सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण धुऊन गेलेलं चॉक जातं कुठे, हे विचारलं की पांढऱ्या सायकलला तेल घालायला लागतो. स्वित्झर्लंडमध्ये हिमनदीने आणून टाकलेल्या धोंड्यांवर संशोधकांनी हेच पाहिलं आणि २०२० मध्ये छापलं. डोळ्याला पांढरं काही दिसत नाही तिथेही चॉक सापडतं, आणि दगडावरच उगवणाऱ्या काही नेच्यांना नि शेवाळ्यांना ते मानवत नाही. पॉफोबाला हा निबंध कळला तो दिवस त्याच्या आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांपैकी एक असावा. त्याआधी शेवाळ्याबद्दल त्याने कधी अवाक्षर काढल्याचं कोणाला आठवत नाही. उलट आपल्या तरुणपणी आपण धोंडेच्या धोंडे शेवाळं खरवडून कसे ‘मोकळे’ केले याच्या कथा तो सांगत असे. त्या कथा आता बंद झाल्यात.

संशोधनाचं निघालं म्हणून सांगतो. चॉकने पकड वाढते का, हा प्रश्न तरी शास्त्राने निकालात काढला असेल असं आपल्याला वाटतं. २००१ साली इंग्लंडात संशोधकांनी प्रयोग केला आणि निष्कर्ष काढला की चॉकने बोट आणि दगड यांतलं घर्षण उलट कमी होतं. २०१२ साली दुसऱ्यांनी प्रयोग केला, वालुकाश्म आणि चुनखडीवर, आणि निष्कर्ष काढला की वाढतं. पॉफोबाच्या पिशवीत पहिल्या निबंधाची झेरॉक्स असते, पांढऱ्याच्या फोनमध्ये दुसरा. दोघांनीही दुसऱ्याचा निबंध वाचलेला नाही. आपला वाचलाय का, याबद्दलही मला शंका आहे, कारण मारामारी फक्त शीर्षकांची चालते.

वाद फारच चिघळला तर पॉफोबा जर्मनीला जातो. म्हणजे बोलण्यात. ड्रेस्डेनजवळ एल्ब नदीकाठी सॅक्सनीचे वालुकाश्माचे सुळके आहेत, तिथे चॉकला बंदी आहे, ओल्या दगडावर चढायला बंदी आहे, सुरक्षेसाठी धातूची उपकरणं खाचेत अडकवायलाही बंदी आहे. दोराच्या गाठी खाचेत कोंबून त्यांच्या भरवशावर माणसं जीव टांगतात. हे सांगताना पॉफोबाचा चेहरा उजळतो. फ्रेंच माणसाने जर्मनांचं एवढं कौतुक केलेलं मी अन्यत्र ऐकलेलं नाही. तिथे पॉफ चालतं का, असं एकदा पांढऱ्याने विचारलं, तेव्हा त्याला एकाएकी ट्रेनची वेळ आठवली. तो गाडीने येतो, ट्रेनने नव्हे.

आता जरा या जंगलाकडे बघा, म्हणजे हे भांडण कशावर उभं आहे ते ध्यानात येईल. पॅरिसच्या रस्त्यांवरचे कित्येक फरसबंद दगड याच वालुकाश्माचे. शतकानुशतकं पाथरवटांनी इथले धोंडे पाचरी ठोकून फोडले आणि राजधानीला पाठवले. हे काम १९०७ साली बंद झालं. पाचरींच्या खुणांच्या ओळी अजून अनेक दगडांवर दिसतात, आणि आमच्यातला एक जण त्यांचा खोबणी म्हणून वापर करतो. १८४० च्या दशकात क्लोद-फ्रान्स्वा देनेकूर नावाच्या माणसाला जंगलात फिरायच्या वाटा आखायचं वेड लागलं. लोक चुकू नयेत म्हणून त्याने झाडांवर आणि दगडांवर निळ्या खुणा केल्या. बार्बिझाँचे चित्रकार, तेओदोर रूसो आणि मंडळी, यांनी या जंगलासाठी एवढी आरडाओरड केली की १८६१ मध्ये सरकारने १,०९७ हेक्टर भाग केवळ सुंदर दिसतो म्हणून राखून ठेवला. अमेरिकेत यलोस्टोन व्हायला अजून अकरा वर्षं होती. म्हणजे ज्या जंगलावर इतक्या आधी लोकांनी ‘हात लावू नका’ अशी पाटी मनातल्या मनात लावली, त्याच जंगलात आज हाताला काय लावून हात लावावा यावर हमरीतुमरी चाललीय.

आणि रंग! १९४७ साली फ्रेद बेर्निकने क्यूव्हिएला एकापाठोपाठ एक चढायच्या धोंड्यांची पहिली वाट आखली. तेव्हापासून जंगलभर अशा वाटा आहेत. पिवळी सोपी, नारिंगी तिच्याहून जरा अवघड, मग निळी, लाल, आणि काळ्या-पांढऱ्याच्या वाटेला आपण जाऊ नये. प्रत्येक धोंड्यावर रंगाने बाण आणि आकडा. पाऊस-उन्हाने रंग विटतो, मग हौशी लोक तो पुन्हा काढतात. पॉफोबा त्यातला. अंगात जुना कोट, हातात रंगाचा डबा आणि बारीक ब्रश, नाक दगडाला लावून तो दिवसभर आकडे गिरवत बसतो. ‘१७’ मधला सात तो इतका सुरेख काढतो की चढायला आलेली माणसं थांबून फोटो घेतात.

त्याच्या शेजारी उभं राहून पांढऱ्याने एकदा विचारलं, “आणि हा रंग?”

“हा खुणेचा आहे,” पॉफोबा न बघता म्हणाला.

“माझं चॉकही खुणेचंच म्हणायचं का मग?”

“तुमच्या खुणा तुम्ही कुठे पडलात ते सांगतात. माझ्या खुणा कुठे चढायचं ते सांगतात.”

पांढऱ्याला उत्तर सुचलं नाही. मलाही अजून सुचलेलं नाही.

मागे आमचा एक मित्र मुंबईहून आला होता. सीबीडी बेलापूरच्या टेकडीवरच्या दगडांवर वाढलेला, २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक झाला तेव्हा गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेच्या लोकांबरोबर गाद्या उचलल्याचा त्याला सार्थ अभिमान आहे. त्याला आम्ही मोठ्या हौसेने पॉफोबासमोर उभं केलं. पॉफोबाने विचारलं, “तुमच्याकडे दगड कसला?”

“बेसॉल्ट.”

“आणि हाताला काय लावता?”

“मे महिन्यात?” बेलापूरकर म्हणाला. “काहीही लावा, काका, पाच मिनिटांत त्याची पेस्ट होते. आम्ही घामच लावतो.”

हे भाषांतर होऊन पोचायला वेळ लागला. पोचल्यावर पॉफोबा बराच वेळ बेलापूरकराचा तळहात हातात धरून बघत होता. मग त्याने सगळ्यांना बोलावून सांगितलं, की जगात अजून असे लोक आहेत जे काहीही न लावता चढतात, आणि ते मुंबईत राहतात. बेलापूरकराच्या पिशवीतल्या चॉकच्या पुड्याबद्दल आम्ही कोणी बोललो नाही. पुढे तो इथे असेपर्यंत त्या बिचाऱ्याला धोंड्यामागे लपून बोटं पांढरी करावी लागली.

काही बाबतींत मात्र मी डोळे मिटून पॉफोबाच्या बाजूचा आहे. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, दगड वरून कोरडा दिसतो, आणि पॅरिसहून गाड्या भरभरून लोक येतात. वालुकाश्म आतून ओला असतो तेव्हा त्याची ताकद बरीच उतरलेली असते. अशा वेळी लोंबकळलात तर अख्खी खोबण हातात येते, आणि ती काही परत उगवत नाही. अशा सकाळी पॉफोबा गाड्या लावायच्या जागेपाशी छत्री घेऊन उभा असतो. छत्री पावसासाठी नसते. तो प्रत्येक गाडीच्या खिडकीशी वाकतो, नमस्कार करतो आणि परत जायला सांगतो. कोणी हुज्जत घातली तर तो रस्त्याकडेची मूठभर वाळू उचलून त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, “हे घ्या. तुम्हाला हेच न्यायचंय ना?” लोक चिडतात, काही जण तरीही जातात, पण काही खरंच गाडी वळवतात. चॉक आणि पॉफ यांनी मिळून जेवढं नुकसान केलं असेल, त्याच्याशी तोलता येईल एवढं नुकसान त्या छत्रीने टाळलं असावं. पण हे त्याला सांगायला गेलं की तो खूश होत नाही. ओल्या दगडाबद्दल पांढऱ्याचंही तेच मत आहे, आणि ज्यावर दोघांचं एकमत आहे त्यात त्याला रस नाही.

त्याच्या दुखऱ्या जागेबद्दल सांगितलं नाही तर चित्र अपुरं राहील. क्यूव्हिएतल्या एका धोंड्यावर त्याची लाडकी वाट आहे. तिची पहिली खोबण त्याला आता पुरत नाही. त्याच्या मते यात वयाचा संबंध नाही. इथली जमीन वाळूची आहे, हजारो पाय पडून आणि पावसाने वाहून धोंड्यांच्या पायथ्याची माती खचते, झाडांची मुळं उघडी पडतात, आणि ज्या जागेवरून पूर्वी हात पोचायचा तिथून आता पोचत नाही. हे अगदी खरं आहे. अनेक धोंड्यांखाली तसं झालंय. म्हणून जमीन धरून ठेवायला ओंडके आणि दगड रचावे लागतात. पण त्याच्या धोंड्याखाली जमीन किती खचली आणि तो स्वतः किती खचला, याचा हिशेब कोणी मांडत नाही. बूट पुसायचा गालिचा दुहेरी घडी करून, त्यावर उभा राहून तो ती खोबण पकडायचा प्रयत्न करताना मी लांबून पाहिलाय. पांढऱ्याने आपली गादी गुपचूप सरकवून दिली. ती चांगली वीतभर जाड होती. पॉफोबा गादीवर चढला, खोबण पकडली, वर गेला. खाली आल्यावर गाद्यांमुळे तरुण पिढीची कशी वाट लागलीय यावर त्याने पांढऱ्याला सुनावलं.

हे असं वर्षानुवर्षं चालत राहिलं असतं. पण एका थंडीत पांढऱ्याने द्रव चॉकची बाटली आणली. पूड उडत नाही, डाग कमी पडतात, जंगलासाठी बरं, असं त्याला दुकानात सांगितलं होतं. मोठ्या विजयाने त्याने ती पॉफोबाला दाखवली. पॉफोबाने खिशातून चश्मा काढला. मग त्यावर दुसरा चश्मा लावला. बाटलीमागची बारीक अक्षरं तो ओठ हलवत वाचू लागला. मॅग्नेशियम कार्बोनेट. अल्कोहोल. आणि तिसऱ्या शब्दावर तो थांबला.

“राळ,” तो म्हणाला.

पांढऱ्याने बाटली हिसकावली. राळच होती. काही द्रव चॉकांत ती घालतात, हाताला चिकटून राहावं म्हणून.

जिंकायची संधी अशी आयती समोर आल्यावर माणसाचं भान सुटतं. पॉफोबाने पांढऱ्याला दंडाला धरून थेट मारी-रोझपाशी नेलं. “राळ!” तो ओरडला. “हे बघा राळेने काय होतं ते! भोकं बुजतात! दाणा मरतो! मग आणखी लावा, मग आणखी लावा! पावसाने तरी जाते का ती? शंभर वर्षं जात नाही! आमच्या मारी-रोझचं काय केलंय बघा राळेने!” डाव्या हाताने तो तुकतुकीत खोबणी दाखवत होता. उजव्या हातात फडक्याचं गाठोडं होतं.

आणि पांढऱ्याचं तोंड उतरलं असेल म्हणावं, तर तो तावातावाने बाटलीची बाजू घेत होता. किती टक्के असते ती? नावाला. आणि थोडी राळ असली तर उलट दाणे धरून ठेवते. शिवाय शेवटी ती पाइनचीच ना? पाइन इथलीच झाडं.

बेलापूरकर तेव्हा पुन्हा आलेला होता. पोळीचा लाडू खाता खाता त्याने मला विचारलं, “यातला चॉकवाला कोणता रे?”

मी सांगणार, तेवढ्यात एका शाळेची सहल आली. पंचवीस-तीस पोरं वाळूतून धावत आली आणि भरल्या बुटांनी थेट मारी-रोझला भिडली. पॉफोबा आणि पांढऱ्या एकदम वळले आणि एका सुरात ओरडले, “पाय पुसा!”

पोरं घाबरली. पाय कशाला पुसायचे ते त्यांना कळेना. त्यातल्या एका शहाण्या मुलीने बूटच काढून ठेवले. बाकीच्यांनी तिचं पाहून काढले, आणि सगळी मोज्यांनी चढू लागली. पॉफोबाचं म्हणणं पडलं की दगडाला मोज्यांसारखं काही नाही. पांढऱ्या म्हणाला, लोकरीचे असतील तर ठीक, पण हे नायलॉनचे दिसतात. इथपर्यंत आम्ही ऐकलं. पुढे आमच्या गाडीची वेळ झाली.